रडवणारं पुस्तक सांगा!

मॅडलिन मिलर यांची ‘द साँग ऑफ अकिलीज’ ही कादंबरी २०११ साली आली. पुढच्या वर्षी तिला ब्रिटनमधला ऑरेंज पुरस्कार मिळाला, चर्चा झाली आणि ओसरली. मग २०२१ मध्ये ती अचानक न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत झळकली. मधल्या दहा वर्षांत कादंबरीतला काना-मात्राही बदलला नव्हता. टिकटॉकवर ‘बुकटॉक’ या हॅशटॅगखाली वाचक मुली ती छातीशी धरून रडत होत्या, एवढंच.

रडणंच का? व्हिडिओ पुढे किती जणांना दाखवायचा, हे ठरवताना अल्गोरिदम तो किती वेळ पाहिला गेला हे मोजतो. अर्ध्या मिनिटात कथानक मावत नाही, आणि सांगितलंच तर वाचणाऱ्याची मजा जाते. चेहरा मात्र मावतो. डबडबलेले डोळे पाहून आपलं बोट थबकतं. त्यामुळे ‘पुस्तकात काय आहे’ यापेक्षा ‘वाचून माझं काय झालं’ हे आधी सांगितलं जातं. शृंगार किती, हेसुद्धा मिरच्यांची चित्रं टाकून! मला यात वावगं वाटत नाही. आपल्या रसिकांनी नाटकाला रुमाल भिजवले, तेही समीक्षा वाचून नव्हे.

पण रडवणारी पुस्तकं शेकड्यांनी असताना नेमकं हेच का उचललं जातं? २००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा एक झकास प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४ हजारांहून जास्त श्रोते. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट पाडून प्रत्येकाला फक्त आपल्याच गटातले डाउनलोडचे आकडे दाखवले. आकडे दिसताच पुढे असलेली गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. गंमत म्हणजे पहिलं कोण, हे प्रत्येक गटात सारखं नव्हतं! फार चांगलं गाणं सहसा आपटलं नाही, फार वाईट सहसा चढलं नाही. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं.

आपल्याकडे टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. पुस्तकांच्या गप्पा रील्सवर रंगल्या. अमेरिकेत बार्न्स अँड नोबल या साखळीच्या पुस्तकांच्या दुकानांत ‘बुकटॉक’ची वेगळी टेबलं मांडली गेली. म्हणजे डाउनलोडचा आकडाच फोनमधून उतरून दुकानात येऊन बसला. त्या टेबलाचाही कुणीतरी व्हिडिओ काढतंच.