आतल्या यादीची नक्कल: ही खोड आली कुठून?

इंदूरला रामबागेत माझ्याकडे सुट्टीत पाच-सहा मुलं पायथन ही संगणकाची भाषा शिकायला येतात. परवा एकीने गणपतीतल्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडल्या: तीन रांगा, रांगेत चार खुर्च्या, म्हणजे यादीत यादी. रिकाम्या खुर्च्यांची एक रांग केली, ती एका यादीत ठेवली आणि त्या यादीला तीनने गुणलं. मग पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर आजीचं नाव टाकलं, तर आजी तिन्ही रांगांत! ‘सर, मी तर एकदाच लिहिलं होतं.’ खरंच एकदाच लिहिलं होतं. रांगही एकच होती, ती मेमरीत कुठे आहे तो पत्ता तेवढा तीनदा लिहिला गेला होता.

या घोटाळ्याचं मूळ आयबीएम ७०४ या जुन्या संगणकापर्यंत जातं. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूने त्याच्यासाठी फोरट्रान ही भाषा आणली. तिच्यात तक्ता तीन मितींपर्यंत चालायचा, पण मेमरीत तो आकड्यांची एक सलग ओळच असायचा. नक्कल हवी तर एकेक आकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा. काम कंटाळवाणं, पण फसवणूक नाही.

त्याच यंत्रावर जॉन मॅकार्थी यांची लिस्प ही भाषा उभी राहिली आणि तिथे चित्र बदललं. ७०४ चा एक ‘शब्द’, म्हणजे मेमरीतला एक कप्पा, ३६ बिटांचा, त्यात १५-१५ बिटांचे दोन भाग पत्ते ठेवायला सोयीचे. एका भागात यादीतल्या घटकाचा पत्ता, दुसऱ्यात उरलेल्या यादीचा. घटक स्वतःच यादी असला तरी ठेवायचा पत्ताच. एकच उपयादी दोन याद्यांनी वाटून घेतली तर जागा वाचते, आणि अख्ख्या यंत्राची मेमरी जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची होती. तेव्हा ती काटकसर शहाणपणाचीच म्हणायची.

पायथनची यादीही पत्तेच सांभाळते. त्यामुळे स्लाइस घेऊन, म्हणजे यादीचा तुकडा (इथे अख्खी यादी) कापून घेऊन केलेली नक्कल बाहेरची यादी नवी करते, आतल्या रांगा जुन्याच राहतात. हिला उथळ नक्कल म्हणतात, आतल्या रांगाही नव्या केल्या तर खोल; ही दोन वेगळी नावं स्मॉलटॉक-८० या जुन्या भाषेतच होती. पायथनची ‘डीपकॉपी’, म्हणजे खोल नक्कल, आतपर्यंत उतरते आणि काय काय उतरवून झालं याची वहीही ठेवते, नाहीतर स्वतःलाच पोटात घेतलेल्या यादीत ती फिरतच बसली असती.

उलटवण्याची कथा याच काटकसरीची. पायथनचं ‘रिव्हर्स’ मूळ यादीच जागच्या जागी फिरवतं आणि परत काहीच देत नाही. मूळ बदललंय याची आठवण राहावी म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. पण मुलं उत्तर नव्या नावात साठवतात आणि हाती ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. खुर्च्या मांडणाऱ्या त्या मुलीला स्टेजवरून दिसणारा नकाशा हवा होता. तिने रिव्हर्स केलं, शेवटची रांग पुढे आली, पण रांगेतल्या खुर्च्या डावीकडून उजवीकडे तशाच. कारण बाहेरची यादी फक्त पत्त्यांचा क्रम बदलते, पत्त्यावरच्या घरात डोकावत नाही.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेने २०२३ च्या आवृत्तीत मूळ यादीला हात न लावता उलटी यादी देणारं ‘टूरिव्हर्स्ड’ आणलं. तिथेही यादी नवी मिळते, रांगा मात्र त्याच. त्या मुलीने शेवटी प्रत्येक रांग वेगळी उलटवून नवा नकाशा केला. आजी आता या नव्या नकाशात सगळ्यात खालच्या रांगेत, उजव्या टोकाला आहेत.