क्रिएटिनिन उतरलं, म्हणून हायसं वाटतं तेव्हा

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, काही महिन्यांत 9 वरून 6 वर आलं, की घरच्यांना वाटतं, किडनी सुधारतेय. पण क्रिएटिनिन तयार होतं ते स्नायूंत. किडनीचं काम आणि डायलिसिस आहे तसंच असताना हा आकडा उतरत गेला, तर बऱ्याचदा स्नायूच झिजत असतात.

वजनकाटाही असाच चकवतो. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात पाणी साठतं. जादा पाणी काढून टाकल्यावर उरतं ते 'ड्राय वेट'. दोन किलो मांस झडलं आणि तेवढंच पाणी अंगात राहून गेलं, तर काटा जागचा हलत नाही. त्यापेक्षा दंडाचा घेर आणि हाताच्या पकडीची ताकद पाहिलेली बरी.

ही झीज निव्वळ कमी खाण्याने होत नाही. हिमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्रातून रक्त गाळण्याच्या, एका वेळेला साधारण 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) कचऱ्याबरोबर निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज 5 ते 15 ग्रॅम प्रथिनं. रक्तातली वाढलेली आम्लता स्नायू तोडते, शरीरात धुमसणारा दाह त्यात भर घालतो, आणि साठलेल्या विषारी द्रव्यांनी भूक मरते ती वेगळीच. म्हणूनच 2008 मध्ये तज्ज्ञांनी या अवस्थेला साधं 'कुपोषण' न म्हणता प्रथिनं आणि ऊर्जा या दोन्हींच्या साठ्याची झीज अशा अर्थाचं नाव दिलं.

खरा घोळ होतो तो पथ्याचा. डायलिसिसच्या आधी डॉक्टर सांगतात, प्रथिनं कमी करा: रोज वजनाच्या किलोमागे 0.6 ग्रॅमच्या आसपास. डायलिसिस सुरू झाला की सल्ला उलटतो, 1 ते 1.2 ग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 36 ऐवजी 60 ते 72 ग्रॅम. पण अंगवळणी पडलेलं पथ्य आणि त्यामागची भीती अशी एका दिवसात सुटत नाही.

त्यातच प्रथिनांसोबत फॉस्फरस येतो, आणि तो वाढला की हाडं व रक्तवाहिन्या बिघडतात. मात्र सगळा फॉस्फरस सारखा नसतो. धान्य-कडधान्यांतला निम्म्याहून कमी शोषला जातो. पाकीटबंद पदार्थांत मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळंच. त्यामुळे ताटातली प्रथिनं तोडण्याआधी पाकिटावरची घटकांची यादी वाचावी.

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं म्हणून लगेच 'नीट खात नाही' असा ठपका रुग्णावर येतो, तोही घाईचा. दाह असला की यकृत अल्ब्युमिन बनवणंच कमी करतं. दातातला पू किंवा डायलिसिसच्या कॅथेटरमधला संसर्ग तसाच राहिला, तर भरल्या ताटानेही तो आकडा वर येत नाही.