मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे

मेघालयाविषयी मराठीत काही वाचायला घेतले की पहिल्या दोन-चार वाक्यांतच ‘मातृसत्ताक समाज’ हे शब्द भेटतात. तेथील खासी समाजात मुले आईचे कुळनाव लावतात, कुळाचे घर धाकट्या मुलीकडे जाते आणि तिचा नवरा तिच्या घरी राहायला येतो, हे सारे खरे आहे. परंतु त्यावरून तेथे स्त्रियांचे राज्य आहे असा जो अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. खासी समाज मातृवंशीय आहे, मातृसत्ताक नाही. हा भेद केवळ शब्दांच्या काटेकोरपणाचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण स्त्री-पुरुष समतेचा विचार करताना आपण नेमके काय मोजतो, हा प्रश्न या भेदातूनच उभा राहतो.

वंश, म्हणजे कुळ, नाव आणि वारसा, आईकडून मुलीकडे चालत आला की ती मातृवंशीय पद्धती होते. घरातले, गावातले आणि राज्यकारभारातले निर्णय स्त्रियांच्या हाती असतील, तर ती मातृसत्ता म्हणावी लागेल. पहिली पद्धती जगात अनेक ठिकाणी आढळते. दुसरी, पितृसत्तेची तंतोतंत उलटी प्रतिमा या अर्थाने, निर्विवादपणे कोठेही सापडलेली नाही, असे बहुतेक मानववंशशास्त्रज्ञ मानतात. दोहोंची गल्लत जुनी आहे. स्विस विद्वान बाखोफेन यांनी 1861 मध्ये असे मांडले की मानवी समाज आरंभी मातृप्रधान होता आणि पुढे तो पितृप्रधान झाला. पुढे मार्क्सचे सहकारी एंगल्स यांनी 1884 मध्ये ही कल्पना आपल्या मांडणीत घेतली. तेव्हापासून मातृवंश दिसला की त्यामागे मातृसत्ता असणारच, असे गृहीत धरण्याची सवय अभ्यासकांच्या बाहेरही पसरली.

खासी घराकडे जरा जवळून पाहावे. धाकट्या मुलीला ‘का खद्दुह’ म्हणतात. कुळाचे घर आणि कुळाची मालमत्ता तिच्याकडे येते, पण ती मनास येईल तशी विकण्यासाठी नव्हे. म्हाताऱ्या आईवडिलांचा सांभाळ, कुळाचे धार्मिक विधी, अडचणीत सापडलेल्या भावंडांना आसरा, ही सारी जबाबदारी त्याच वारशाबरोबर येते; म्हणून तिला मालकीण म्हणण्यापेक्षा राखणदार म्हणणे मला अधिक योग्य वाटते. आणि त्या घराचे महत्त्वाचे निर्णय परंपरेने कोण घेतो? ‘उ क्नी’, म्हणजे मामा. कुळाच्या बैठकीत बोलतो तो मामा आणि वाद मिटवतो तोही मामाच. संस्थानाचा प्रमुख, ज्याला सियेम म्हणतात, तोही पुरुषच असतो; मात्र त्याच्यानंतर गादीवर त्याचा मुलगा येत नाही, बहुधा भाचा येतो. वंशाची वाट स्त्रीमधून जाते, पण गादीवर पुरुष बसतो. गावाच्या दरबारात, म्हणजे गावाच्या पारंपरिक सभेत, स्त्रियांना परंपरेने स्थान नव्हते आणि गावप्रमुखाला जो ‘रंगबाह’ शब्द वापरतात, त्याचाच अर्थ प्रौढ पुरुष असा आहे. कोंबडी आरवू लागली की जग बुडायला आले, अशी एक खासी म्हण सांगितली जाते. स्त्रीने सार्वजनिक जागी बोलण्याविषयी त्या समाजाची जुनी धारणा तिच्यात स्पष्ट दिसते.

केरळातील नायर समाजाच्या मरुमक्कत्तायम या मातृवंशीय पद्धतीतही हेच घडत होते. तरवाड, म्हणजे एकाच स्त्रीपासून निघालेल्या वंशजांचे एकत्र कुटुंब, स्त्रियांमधून पुढे चाले; कारभार मात्र कारणवराच्या, म्हणजे वडीलधाऱ्या मामाच्या हाती असे. इंग्रजी अमलातील न्यायालयांनी कारणवराचे अधिकार आणखी पक्के केले. पुढे तरुण नायर पुरुषांनीच या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठवला, कारण आपल्या मिळकतीवर बायकामुलांचा नव्हे तर भाच्यांचा हक्क चालतो, हे त्यांना जाचत होते. 1925 चा त्रावणकोरचा नायर कायदा, 1933 चा मद्रासचा मरुमक्कत्तायम कायदा आणि अखेर एकत्र कुटुंबपद्धती रद्द करणारा 1975 चा केरळचा कायदा, अशा टप्प्यांनी तरवाड मोडले. कारणवराची सत्ता गेली हे चांगलेच झाले. पण ज्या घरातून स्त्रीला कोणी बाहेर काढू शकत नव्हते, ते घरही त्याबरोबर गेले.

इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ हा जगातील सर्वांत मोठा मातृवंशीय समाज मानला जातो आणि तो मुस्लीम आहे, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. कुळाची शेती आणि मोठे घर स्त्रियांच्या नावाने चालते, तरुण मुलगे नशीब काढायला परगावी जातात, तर कुळप्रमुखाची पदवी पुरुषालाच मिळते. पेगी सँडे या अमेरिकी अभ्यासिकेने या समाजाला मातृसत्ताक म्हटले, पण त्यासाठी तिला मातृसत्तेची व्याख्याच बदलावी लागली: राज्य करणे नव्हे, तर समाजाच्या मध्यभागी असणे.

मग मातृवंशाला काही मोल नाही काय? माझ्या मते ते मोल फार मोठे आहे आणि मराठी वाचकाला ते लगेच कळावे. खासी मुलीला माहेर सोडावे लागत नाही. तिच्या भाषेत सासुरवास या शब्दाची गरज पडत नाही. नवरा सोडून गेला तरी तिच्या मुलांचे कुळ, नाव आणि छप्पर शाबूत राहते. मुलगी झाली म्हणून घरावर अवकळा येत नाही, उलट मुलीवाचून कुळच खुंटते. आपल्याकडे जी भीती मुलींच्या आईवडिलांच्या मनात आयुष्यभर घर करून असते, तिला तेथे जागा नाही. हे सत्ता नसतानाही मिळते, म्हणूनच त्याला सत्तेचे नाव देऊन त्याचे खरे स्वरूप झाकू नये.

वंश आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्र आणि मेघालय शेजारी ठेवले की फार स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत 2011 पासून स्त्रियांना 50 टक्के आरक्षण आहे. सरपंचपदी बाई असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती राज्याने 1994 मध्येच केली आणि 2005 मध्ये ती देशभर झाली. तरीही सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागायची वेळ आली की हक्कसोडपत्र पुढे येते आणि भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून ती सही करते. मेघालयात घर मुलीचे आहे, पण पंचायत राजविषयक घटनात्मक तरतुदी त्या राज्याला लागू नाहीत, त्यामुळे त्यांतील आरक्षणही नाही; 2023 च्या निवडणुकीत 60 सदस्यांच्या विधानसभेत केवळ 3 स्त्रिया निवडून आल्या. एके ठिकाणी खुर्ची मिळाली आणि जमीन निसटते आहे. दुसरीकडे जमीन आहे आणि खुर्ची दूर आहे.

सत्ता हाती नसलेल्या वंशाचे काय होते, याचा दाखला 2018 मध्ये मिळाला. खासी हिल्स स्वायत्त जिल्हा परिषदेने, म्हणजे खासी रूढींविषयी कायदे करू शकणाऱ्या तेथील निवडून आलेल्या संस्थेने, एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले. खासी स्त्रीने बिगर-खासी पुरुषाशी लग्न केले तर तिला आणि तिच्या मुलांना खासी मानू नये, अशी त्यात तरतूद होती. जे कुळ केवळ आईकडून चालते, त्या कुळातून आईलाच वगळण्याचा हा निर्णय बहुसंख्य पुरुष सदस्य असलेल्या सभागृहाने घेतला. अनेक खासी स्त्रियांनी त्याला उघड विरोध केला. मातृवंश मोडावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. तो कोणी आणि कसा ठरवायचा, याविषयी त्यांचा आक्षेप होता.