रेकॉर्डिंग पाठवण्याआधी स्वतः ऐका
(इंग्रजी उच्चार वर्ग, दांडिया बाजार, बडोदे : विद्यार्थी व पालकांसाठी)

"सर, माझा मराठी ॲक्सेंट कधी जाणार?" प्रवेश घेताना बहुतेक जण हेच विचारतात. तो घालवून देण्याचा शब्द आम्ही देत नाही, कारण त्याची गरज नसते. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगमध्ये, म्हणजे बोलण्याच्या भागात, उच्चाराला २५ टक्के वजन आहे, पण परीक्षक पाहतो ते बोलणं सहज कळतं का. नऊपैकी आठ बँडलाही (गुणांनाही) मातृभाषेचा हेल चालतो, फक्त त्याने कळण्यात फारसा अडथळा यायला नको. १९९५ साली कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या संशोधकांनी चिनी भाषकांचं इंग्रजी तिथल्या लोकांना ऐकवलं. हेल ठळक असलेली कित्येक वाक्यंही ऐकणाऱ्यांनी शब्दन्‌शब्द बरोबर उतरवून घेतली.

अडतं ते दुसरीकडे. 'डिव्हेलप'मध्ये जोर 'व्हे'वर हवा, आपण तो पहिल्याच अक्षरावर देतो. 'व्हाइन' (वेल) आणि 'वाइन' आपल्या तोंडी एकच होतात. 'पॅक'च्या सुरुवातीला हवेचा झोत नसला, तर इंग्रजाला 'बॅक' ऐकू येऊ शकतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून बघा, ती हलली पाहिजे.

वर्गात हे सगळ्यांना पटतं. वेळ वाया जातो तो गृहपाठात. बरेच जण रेकॉर्डिंग एकदाही न ऐकता व्हॉट्सॲपवर पाठवतात, खाली "चुका सांगा". आम्ही सांगतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुका पुन्हा येतात, कारण त्या नुसत्या वाचलेल्या असतात, कानाने पकडलेल्या नसतात. स्वतःचा आवाज बोलताना हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमधला परका वाटतो आणि ऐकायला नको होतं, हे आम्हाला कळतं. तरीही ऐका.

एकच मिनिट रेकॉर्ड करा. आधी नमुना ऐका, मग आपलं, मग परत नमुना. खटकलेली एक जागा लिहा, जसं "२३व्या सेकंदाला जोर चुकला", आणि मग पाठवा. असं काही न लिहिता आलेलं रेकॉर्डिंग आम्ही तपासत नाही.

"फी आम्ही भरायची आणि चुकाही आम्हीच शोधायच्या?" असं काही पालक विचारतात. पण परीक्षेच्या त्या ११ ते १४ मिनिटांत आम्ही शेजारी नसतो. मुलाने एक जागा शोधून आणली, की जीभ कुठे टेकवायची, ओठ कसे ठेवायचे, हे त्याला समोर बसवून करून घेतो. आमची खरी मेहनत तिथे आहे.

शनिवारी संध्याकाळी ऐकण्याचा जादा तास असतो, त्याची वेगळी फी नाही. प्रवेश न घेतलेल्यांनीही एकदा येऊन बसावं, मोबाईलमध्ये आपलं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग घेऊन.