सहजीवी नायट्रोजन स्थिरीकरणाची आनुवंशिकी

शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया तयार करतात. या सहजीवनाला लागणारी जनुके जीवाणू व वनस्पती या दोघांत वाटलेली असतात. गाठींचे कार्य हेलरीगेल व विल्फार्ट यांनी १८८६–८८ मध्ये दाखवले. १८८८ मध्ये बायजेरिंक यांनी त्यांतील जीवाणू वेगळे करून वाढवले. जनुकांचा माग लागायला मात्र आणखी नव्वद वर्षे गेली.

जीवाणूची जनुके : वाटाण्यावर गाठी आणण्याची क्षमता एका प्लाझ्मिडबरोबर (गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या तुकड्याबरोबर) दुसऱ्या प्रजातीच्या जीवाणूत जाते, असे १९७८ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथे आढळले. लसूणघासावर गाठी करणाऱ्या सायनोऱ्हायझोबियम मेलिलोटी या जीवाणूचा जीनोम (संपूर्ण जनुकीय मजकूर) २००१ मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे ३६.५ लाख बेसजोड्यांचे गुणसूत्र आणि १३.५ व १६.८ लाख बेसजोड्यांचे दोन महाप्लाझ्मिड आहेत. गाठी व स्थिरीकरण यांची बहुतेक कळीची जनुके धाकट्या महाप्लाझ्मिडवर आहेत. लोटस या शिंबावंत वनस्पतीवर (कमळ नव्हे) गाठी करणाऱ्या मेझोऱ्हायझोबियम लोटीत तीच सामग्री गुणसूत्रातच एका ‘सहजीवन बेटा’त असते.

मुळातून पाझरणारे फ्लॅव्होनॉइड हे रसायन (लसूणघासात ल्युटिओलिन) नॉड-डी या नियामक प्रथिनाला जागे करते आणि गाठी घडवणारी नॉड जनुके चालू होतात. नॉड-सी अॅसिटिलग्लुकोसामाइन या शर्करेच्या चार-पाच एककांची साखळी गुंफते, नॉड-बी तिच्या एका टोकाचा अॅसिटिल गट काढते आणि त्या जागी नॉड-ए मेदाम्ल जोडते. तयार होणारा ‘नॉड घटक’ हा यजमान ओळखण्याचा संकेत असून बारीकसा फरकही तो बदलून टाकतो. मेलिलोटीत नॉड-एच जनुक साखळीच्या दुसऱ्या टोकाला सल्फेट लावते. ते निकामी केले तर जीवाणू लसूणघासावर गाठी करू शकत नाही. उलट एरवी दाद न देणाऱ्या व्हेच या चाऱ्याच्या वेलीत शिरू लागतो. तथापि नॉड घटक सर्वत्र अनिवार्य नाही. एस्किनोमेने या शिंबावंत वनस्पतीच्या काही जातींवर गाठी करणाऱ्या दोन प्रकाशसंश्लेषी ब्रॅडीऱ्हायझोबियम वाणांत नॉड-ए, बी, सी ही जनुकेच नाहीत (२००७).

नायट्रोजनापासून अमोनिया बनवणारे नायट्रोजनेज हे विकर (एन्झाइम) निफ-एच, डी, के या जनुकांपासून बनते व ऑक्सिजनाने निकामी होते. म्हणून फिक्स-एल हे हीमयुक्त प्रथिन गाठीतील ऑक्सिजन कमी झाल्याची वर्दी फिक्स-जे मार्फत देते, त्यानंतरच निफ जनुके चालू होतात. विकराच्या लोह-मॉलिब्डेनम सहघटकाला होमोसायट्रेट लागते, पण ते बनवणारे निफ-व्ही जनुक बहुतेक ऱ्हायझोबियांत (गाठी करणाऱ्या जीवाणूंत) नसते. लोटस जॅपोनिकसमध्ये ती उणीव वनस्पतीचे फेन-१ हे जनुक भरून काढते.

वनस्पतीची जनुके : लोटसमध्ये एनएफआर-१ व एनएफआर-५ हे ग्राही (संकेत पकडणारी प्रथिने) नॉड घटक ओळखतात. केंद्रकाभोवती कॅल्शियमची पातळी ठरावीक लयीत वर-खाली होते आणि सायक्लॉप्स, एनएसपी व निन या नियामकांमार्फत गाठ घडू लागते. या मार्गाचा मोठा भाग मायकोऱ्हायझा या मुळांतील कवकांशी (बुरशींशी) होणाऱ्या, कितीतरी जुन्या सहजीवनातून घेतलेला आहे. गाठींच्या संख्येला आळा घालणारे हार-१ जनुक बिघडले की बेसुमार गाठी येतात आणि रोप खुरटते. भुईमुगात जीवाणू मूलरोमातून नव्हे, तर उपमुळे फुटतात तेथील फटींतून शिरतो.

उगम : गाठी धरणारी सर्व फुलझाडे चार गणांच्या (कुलांहून मोठ्या गटांच्या) एकाच शाखेत मोडतात, हे १९९५ मध्ये दाखवले गेले. त्यावरून दोन मते पुढे आली. एका मतानुसार सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी केवळ पूर्वतयारी झाली व गाठी पुढे अनेकदा स्वतंत्रपणे उद्भवल्या. दुसरे मत असे की त्या एकदाच उद्भवल्या आणि बहुतेक वंशांनी नंतर गमावल्या. २०१८ मधील जीनोम-तुलनांत गाठी नसलेल्या अनेक जातींत निन जनुक नष्ट झालेले किंवा मोडके आढळले. हा पुरावा दुसऱ्या मताला अधिक अनुकूल आहे. अनेकवार उगमाची मांडणी मात्र अद्याप मागे पडलेली नाही. जीवाणूंच्या बाजूने वाद कमी आहे : लाजाळूच्या गाठींतील कुप्रिअव्हिडससारख्या दूरच्या जीवाणूंतही नॉड जनुके सापडतात, ती आडव्या संक्रमणानेच (एका जीवाणूतून दुसऱ्यात थेट जाऊन) आलेली असावीत.

व्यवहारातील परिणाम : सहजीवन बेट शेतातही हलते. न्यूझीलंडमध्ये एकाच वाणाचे संवर्धक (बियाण्याला लावायचे जीवाणू खत) वापरून लावलेल्या लोटसच्या गाठींत सात वर्षांनी वेगवेगळे स्थानिक जीवाणू आढळले. सर्वांकडे तेच बेट होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरुला या चारापिकावर असे बेट मिळालेल्या नव्या जीवाणूंनी गाठी केल्या, पण त्यांतील काहींचे स्थिरीकरण फारच कमी भरले.

गाठ कापून आत लेगहिमोग्लोबिन या ऑक्सिजन धरणाऱ्या प्रथिनाचा गुलाबी-लाल रंग दिसला तर ती कार्यक्षम समजतात. पांढरी किंवा हिरवट गाठ निकामी. संवर्धक पिकाच्या गटानुसार निवडावे लागते : हरभऱ्याचे मेझोऱ्हायझोबियम सोयाबीनला चालत नाही. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणात कालवून चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, संवर्धक शेवटी. पेरताना नत्र जास्त दिले तर नायट्रेटमुळे गाठी धरण्याचा मार्गच दबतो.