सर्जनच्या हातून किती दगावले?

बायपास करणाऱ्या एका सर्जनचे शंभरातले दोन रुग्ण दगावतात, दुसऱ्याचे चार. चांगला कोण? एवढ्यावरून कुणी उत्तर देऊ नये. दुसऱ्याकडे ऐंशीच्या घरातले, मूत्रपिंडं निकामी झालेले, आधी एकदा छाती उघडलेले रुग्ण येत असतील.

हा पेच सोडवण्यासाठी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने १९८९पासून प्रत्येक बायपासची नोंद घ्यायला सुरुवात केली. रुग्णाचं वय, हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद, इतर आजार, शस्त्रक्रिया तातडीची होती का, यावरून तो दगावण्याची शक्यता काढायची. एका सर्जनच्या सगळ्या रुग्णांच्या शक्यतांची बेरीज म्हणजे ‘अपेक्षित मृत्यू’. ही बेरीज पाच आली आणि प्रत्यक्षात चारच दगावले, तर तो दुसरा सर्जन कौतुकालाच पात्र आहे.

१९९०मध्ये रुग्णालयांचे आकडे जाहीर झाले. सर्जनांचे आकडे खातं देईना, तेव्हा ‘न्यूजडे’ हे वृत्तपत्र कोर्टात गेलं आणि १९९१मध्ये तेही नावांसकट छापून आले. जोखीम हिशेबात धरून काढलेला राज्याचा मृत्युदर १९८९ ते १९९२ या काळात ४.१७ टक्क्यांवरून २.४५वर उतरला. सगळं श्रेय जाहीर आकड्यांना देता येत नाही. इतर राज्यांतही तो घटतच होता. शिवाय रुग्णांना फुप्फुसांचा जुनाट आजार असल्याच्या नोंदी एकाएकी वाढल्या. रुग्ण कागदावर जितका आजारी, तितके अपेक्षित मृत्यू जास्त! काही सर्जन अतिजोखमीचे रुग्ण टाळू लागले, अशीही तक्रार झाली, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. ज्याला शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज, त्यालाच दार बंद.

थोड्या शस्त्रक्रियांत एक-दोन मृत्यू निव्वळ योगायोगानेही कमी-जास्त होतात. म्हणून पुढे तीन वर्षांचे आकडे एकत्र करून, दोनशे किंवा अधिक शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनांचेच दर स्वतंत्रपणे छापले जाऊ लागले.

तरीही मोजायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे, ते याच राज्यातल्या ऑल्बनी शहराच्या सेंट पीटर्स रुग्णालयामुळे. तिथला दर जास्त निघाला. डॉक्टरांनी एकेक नोंद तपासली, तेव्हा मृत्यू तातडीच्या रुग्णांत एकवटलेले दिसले. १९९२मध्ये त्यांतले जवळपास चारात एक दगावले होते. हृदय आणि रक्तदाब सावरण्याआधीच त्यांना शस्त्रक्रियेला घेतलं जात होतं. मग औषधांनी, गरज पडल्यास महाधमनीत बसवलेल्या, हृदयाचा भार हलका करणाऱ्या बलून पंपाने, आधी प्रकृती स्थिर करायची पद्धत सुरू झाली. पुढच्या वर्षी तातडीच्या रुग्णांपैकी एकही दगावला नाही.