परिचारिकेच्या जाहीरनाम्यामागचा इतिहास

मुंबईत रुग्णालयातून राजकारणात आलेल्या परिचारिकेचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे किशोरी पेडणेकर. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या महापौर झाल्या आणि एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धास्तीत, परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. पण महापालिकेच्या हातात सगळंच नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे. त्यामुळे सिस्टर आमदारकीला उभी राहते तेव्हा ती योग्य दारावर थाप मारत असते.

अशा सिस्टरच्या जाहीरनाम्यात पहिली मागणी बहुतेक वेळा मनुष्यबळाची असते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा: वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डमध्ये तीन खाटांमागे एक परिचारिका, आणि रजा-सुट्ट्यांसाठी वर ३० टक्के. म्हणजे ३० खाटांच्या वॉर्डला १० अधिक ३, अशा १३ जणी. रजेसाठीच्या वगळून उरलेल्या दहा जणी तीन पाळ्यांत विभागल्या की एका पाळीला साधारण तिघी. हिशेब बिघडतो तो इथून पुढे. पदं मोजली जातात मंजूर खाटांवर, पण मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत खाटांच्या मधल्या जागेतही गाद्या पडलेल्या असतात. त्याच वॉर्डात ५० रुग्ण झाले की तिघींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला सोळा-सतरा येतात. त्यातल्या एकाला रक्त चढवायचं असलं, तर पहिली १५ मिनिटं त्याच्याजवळून हलता येत नाही. ताप, थंडी, अंगावर पुरळ, धाप ही प्रतिक्रियेची लक्षणं याच वेळात दिसण्याची शक्यता जास्त. तेवढ्या वेळात बाकीच्यांची सलाईन संपते, अँटिबायोटिकची वेळ टळते. रात्रपाळीला एखादी आजारी पडली तर दोघींवरच सगळं. कॅलिफोर्नियाने परिचारिका-रुग्ण प्रमाण १९९९ मध्ये कायद्यातच घातलं आणि २००४ पासून ते लागू केलं. आपल्याकडे परिषदेचा आकडा मार्गदर्शक म्हणूनच राहिला. तो मोडला म्हणून कुणाला दंड होत नाही, हीच खरी अडचण आहे.

सुरक्षिततेची मागणी याहून जुनी आणि जास्त दुखरी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. आरोपीला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षांची. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत केईएमच्याच सिस्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या अरुणाताईंची शुश्रूषा केली. त्यामुळे कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि उजेड असलेला जिना या गोष्टी जाहीरनाम्यात दिसल्या तर त्यांना कुणी किरकोळ समजू नये. महाराष्ट्रात रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्ध वेगळा कायदा आला तो २०१० मध्ये: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई. कायदा आहे, पण मारहाण झालेल्या सिस्टरने पाळी सोडून पोलीस ठाण्यात बसायचं आणि पुढे तारखांना स्वतःच्या रजेत जायचं, तर तक्रारी होणार कशा? फिर्याद रुग्णालयाने द्यावी, हा त्यावरचा साधा उपाय.

खासगी रुग्णालयांतल्या पगाराचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशातून पुढे आला. त्यानुसार नेमलेल्या समितीने सुचवलं की पगार २० हजारांच्या खाली नसावा. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात तो राज्य सरकारी पगाराइतका असावा, १०० हून अधिक खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. अंमलबजावणी राज्यांवर सोडली होती. केरळने परिचारिकांच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. मुंबईच्या खासगी रुग्णालयांत मल्याळी सिस्टर मोठ्या संख्येने आहेत; गावाकडे लागू झालेला आकडा त्यांना चांगला ठाऊक असतो.

सरकारी बाजूला वाद कंत्राटी भरतीचा आणि भत्त्याचा. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या परिचारिकांना महिना ७,२०० रुपये नर्सिंग भत्ता मिळू लागला, तसा राज्यानेही द्यावा ही मागणी आहे. मे २०२२ च्या राज्यव्यापी संपात बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीला मुख्य विरोध होता.

आता उमेदवारीबद्दल. सरकारी किंवा पालिकेच्या सेवेत राहून निवडणूक लढवता येत नाही. राजीनामा नुसता देऊन भागत नाही, तो अर्जाच्या छाननीपूर्वी मंजूर झालेला असावा लागतो. त्यामुळे कागद काही महिने आधीच हलवावे लागतात. विधानसभेसाठी अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५ हजार, खर्चाची मर्यादा ४० लाख. विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघाचा मार्ग स्वस्त वाटतो, पण तिथे मतदार व्हायला पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली लागतात आणि यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, म्हणजे नावनोंदणीचा अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरायचा. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या सिस्टरचं नाव त्यात येऊ शकतं. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) मात्र डिप्लोमा आहे, आणि वॉर्डात पंचवीस वर्षं काढलेल्या अनेक ज्येष्ठ सिस्टर जीएनएमच आहेत; तेवढ्यावर त्यांना तिथे मत देता येत नाही.